टचस्क्रीन टेबल: सात महिने घरात वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीत आमच्या हॉलमधल्या टीपॉयच्या जागी टचस्क्रीन टेबल आलं. तयार टेबल परवडत नव्हतं, म्हणून मी ते जमवूनच केलं: ४३ इंची टीव्ही, त्यावर बसणारी इन्फ्रारेड टच फ्रेम, टफन्ड काच, एक मिनी पीसी आणि सुतारकाकांनी बनवलेली सागवानी चौकट. सगळं मिळून साधारण ६५ हजार लागले.

आधी त्रासाचं सांगते. टीव्ही उभा राहण्यासाठी बनवलेला असतो. आडवा करून लाकडात कोंडला की उष्णतेला वाट राहत नाही. पहिल्याच आठवड्यात तासाभराच्या खेळानंतर चौकट हाताला गरम लागू लागली. सुतारकाकांनी खालची फळी काढून जाळी ठोकली, मी कॉम्प्युटरचे दोन पंखे बसवले, तेव्हा कुठे ते निवळलं. दुसरी चूक पॅनेलची. समोरून सुरेख दिसणारं चित्र बाजूला बसलेल्याला फिकट दिसायचं. टेबलाला चारही बाजूंनी माणसं बसतात, त्यामुळे आयपीएस पॅनेलच, म्हणजे बाजूनेही चित्र फिकट न दिसणारा पडदाच, घ्यावा. मला टीव्ही बदलावा लागला. काचेत ट्यूबलाइट चमकायची, त्यावर मॅट फिल्म लावली. तिच्यावर बोटही छान सरकतं.

आता टचबद्दल. या फ्रेमच्या दोन कडांना इन्फ्रारेड दिवे आणि समोरच्या दोन कडांना सेन्सर असतात. काचेच्या किंचित वर न दिसणाऱ्या किरणांची जाळी पसरलेली असते. किरण जिथे अडतात, तिथे स्पर्श झाला असं पीसीला कळतं. पण बोट कोणतं आणि कुर्त्याची बाही कोणती, हे या जाळीला समजत नाही. पोह्यातला सांडलेला शेंगदाणा, चहाचा कप, आईंच्या बांगड्या, सगळा स्पर्शच. पहिला महिनाभर याचा फार वैताग आला. लुडो रंगात आलेला असताना कुणाचं तरी कोपर टेकायचं आणि भलतीच सोंगटी हलायची.

मग एके दिवशी भाच्याने बुद्धिबळातला लाकडी घोडा उचलून स्क्रीनवरच्या नकाशावर ठेवला आणि सरकवला. नकाशा त्याच्याबरोबर सरकला! मोबाइलसारख्या कपॅसिटिव्ह, म्हणजे बोटासारख्या विद्युतवाहक वस्तूचाच स्पर्श ओळखणाऱ्या, काचेवर लाकडाची सोंगटी ठेवली तर तिचा पत्ताही लागत नाही. ज्याला मी दोष म्हणत होते, त्यातच या टेबलाची खरी ताकद आहे, हे मला तेव्हा पटलं. टेबल म्हणजे वस्तू ठेवायची जागा. ठेवलेली वस्तू ओळखेल तेच टचस्क्रीन टेबल टिकेल, असं माझं ठाम मत झालंय.

कल्पना नवी नाही. मायक्रोसॉफ्टने २००७ साली दाखवलेल्या ३० इंची ‘सरफेस’ टेबलात पडद्याखाली पाच इन्फ्रारेड कॅमेरे होते आणि वस्तूच्या तळाला चिकटवलेली खूण ते वाचत. लेनोव्होने २०१३ मध्ये २७ इंची ‘होरायझन’ हा टचस्क्रीन कॉम्प्युटर आणला, तोही टेबलावर आडवा करून खरा फासा टाकत खेळायचा होता. घराघरांत दोन्हींपैकी काही पोचलं नाही, पण दिशा बरोबर होती. माझी फ्रेम ‘इथे काहीतरी आहे’ एवढंच सांगते. ‘हा घोडा आहे’ हे तिला सांगता आलं पाहिजे.

खेळांत सापशिडी, लुडो, बुद्धिबळ उत्तम चालतात. कॅरम मात्र नाही. स्ट्रायकरला बसणारी टिचकी आणि पावडरवरून घसरणारी सोंगटी काचेवर येत नाही, आम्ही पुन्हा लाकडी बोर्डच काढला. पत्त्यांत हातातली पानं लपवायची कशी हा प्रश्न येतो. ज्या खेळांत आपली पानं आपल्या मोबाइलवर आणि डाव टेबलावर दिसतो, ते फार मजेचे आहेत. असे खेळ अजून थोडे आहेत.

दुसरी मोठी अडचण सॉफ्टवेअरची. त्याला नेहमी एक ‘वरची बाजू’ असते. कीबोर्ड माझ्याकडे तोंड करून उघडतो आणि समोर बसलेल्या मुलीला सगळं उलटं दिसतं. म्हणूनच आमच्याकडे सर्वांत जास्त वापर नकाशांचा होतो, कारण नकाशा कुठूनही वाचता येतो. परवा पावसाळ्यातल्या भटकंतीसाठी रतनगडाचा उपग्रह नकाशा पसरला होता. बाबा एरवी मोबाइलवर नकाशा बघायला कंटाळतात. ते पायथ्याच्या रतनवाडी गावाच्या बाजूने वाकले आणि तरुणपणी कुठून चढले होते ते बोटाने दाखवू लागले. मुलगी साम्रद गावाच्या बाजूला उभी राहून विचारत होती, “आजोबा, मग या बाजूने उतरता येतं का?” दोघांची बोटं एकाच कड्यावर आली. पाऊण तास कुणी उठलं नाही.

घ्यावं का? घरात रोज तीन-चार माणसं एकत्र बसत असतील तर नक्की. एकट्यासाठी टॅबलेट पुरतो. उंचीचा विचार मात्र आधी करा. आमचं टेबल १८ इंचांचं आहे आणि अर्ध्या तासात पाठ भरून येते. जेवणाच्या टेबलाएवढं उंच केलं तर जाड चौकट गुडघ्यांना लागते. सुतारकाका पुढच्या आठवड्यात येतायत. चौकट पातळ करून पाय २८ इंचांचे लावायचं ठरलंय, म्हणजे बाबांना वाकावं लागणार नाही.