विमानाची भीती आणि सुट्टीचा बेत: रेल्वे, विमान की दोन्ही?

घरात एखाद्याला विमानाची भीती असली की सुट्टीचा बेत आखताना ठिकाणाच्या आधी वाहनावरून वाद होतो. मुलांना काश्मीर हवे असते, आजी-आजोबांना केरळ, आणि ज्याला भीती वाटते तो "यंदा महाबळेश्वरच बरे" असे म्हणून विषय मिटवू पाहतो. अशा कुटुंबापुढे साधारण चार मार्ग असतात: विमान पूर्णपणे टाळून रेल्वेने जाणे, एक बाजू विमानाने व दुसरी रेल्वेने करणे, पूर्वतयारी करून दोन्ही बाजू विमानाने करणे, किंवा डॉक्टरांकडून गोळी लिहून घेऊन वेळ मारून नेणे. मुंबई-पुण्याकडून निघणाऱ्या कुटुंबाच्या सोयीने हे चारही मार्ग येथे तपासले आहेत. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे हे आधीच सांगतो, मात्र तो प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक ठिकाणाला लागू पडत नाही.

मार्ग निवडण्यापूर्वी भीती नेमकी कशाची आहे, हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे लागते. अपघाताची भीती, दार बंद झाल्यावर बाहेर पडता येणार नाही ही भीती, उंचीची भीती, आणि छाती धडधडून, दम लागून चारचौघांत आपली शोभा होईल ही भीती, या चारही वरून सारख्या दिसतात, परंतु त्यांच्यावरचे उपाय एक नाहीत. अपघाताला भिणाऱ्याला विमान कसे उडते याच्या माहितीचा उपयोग होतो; बंद जागेला भिणाऱ्याला तीच माहिती दहादा ऐकवली तरी फरक पडत नाही, त्याच्यासाठी उड्डाणाचा कालावधी आणि आइल सीट या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. अशा माणसाला रेल्वेच्या वातानुकूलित डब्यातील वरचा बर्थही सोसत नाही, हे तिकीट काढणाऱ्याने लक्षात ठेवावे.

12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले आणि त्यातील 242 जणांपैकी 241 जणांचा मृत्यू झाला. ती दृश्ये पाहिल्यावर भीती वाढली असे कोणी म्हणत असेल तर त्याला हसण्यात काही अर्थ नाही. परंतु विमान टाळून आपण कशाने जाणार, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. भारतात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. अमेरिकेत सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर अनेकांनी विमान सोडून मोटारीने प्रवास सुरू केला, आणि त्यापायी पुढच्या बारा महिन्यांत रस्त्यांवर सुमारे 1,500 जास्तीचे बळी गेले, असा हिशेब जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी मांडला आहे. विमान नको म्हणून रात्रभर गाडी हाकत घाटातून गोवा गाठणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय, आणि म्हणून तो पर्याय मी या तुलनेत धरलेलाच नाही.

रेल्वेने काय साधते आणि काय नाही

रेल्वे हा माघारीचा मार्ग आहे असे मानण्याची गरज नाही. काही ठिकाणी ती विमानाहून सरळसरळ सरस ठरते, आणि गोवा हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. मुंबईहून मडगावला जाणारी वंदे भारत, पावसाळी वेळापत्रक नसताना, पावणेआठ तासांच्या आसपास पोहोचवते. विमान हवेत असते जेमतेम सव्वा तास, परंतु घरापासून विमानतळापर्यंतची वाहतूक, दोन तास आधी पोहोचण्याचा दंडक, सुरक्षा तपासणी आणि उतरल्यावर टॅक्सी हे सारे मोजले की पाच-सहा तास सहज जातात. त्यातही गोव्याला आता दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. मोपा पेडणे तालुक्यात, म्हणजे राज्याच्या पार उत्तर टोकाला आहे. मुक्काम पाळोळ्याला असेल तर तेथून संपूर्ण गोवा ओलांडावा लागतो, आणि त्या प्रवाशाला मडगाव स्थानक कितीतरी जवळ पडते. पुणेकरांसाठी रात्रीची गोवा एक्सप्रेस आहे, ती लोंढ्यावरून दूधसागरच्या वाटेने उतरते. अशा प्रवासात भीती वाटणाऱ्या माणसाला कोणी सांभाळून घेत आहे असे भासत नाही, कारण घरातील सर्वांनाच गाडी हवीशी असते. अट एकच: जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेवर गाड्यांचा वेग कमी ठेवला जातो आणि हाच प्रवास साधारण दोन तासांनी लांबतो.

केरळच्या बाबतीत पारडे इतके स्पष्ट झुकत नाही. मुंबई ते कोची विमानाने सुमारे दोन तास, तर लोकमान्य टिळक टर्मिनसहून एर्नाकुलमला जाणारी दुरंतो एकवीस-बावीस तास घेते आणि तीही रोज नसते. नेत्रावती एक्सप्रेस रोज आहे, पण सावकाश जाणारी आहे. आठ-दहा दिवसांची रजा असेल तर हा प्रवास सुसह्य आणि निसर्गदृष्ट्या सुंदर आहे. चारच दिवस असतील तर त्यांतले दोन दिवस गाडीतच जातात.

काश्मीरसाठी चित्र अलीकडे बदलले आहे. 6 जून 2025 रोजी कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आणि नदीपात्रापासून 359 मीटर उंचीवरच्या चिनाब पुलावरून तीन तासांत खोऱ्यात उतरणे शक्य झाले. तरीही मुंबईहून कटऱ्यापर्यंतचे तीस-बत्तीस तास आणि तेथील एक मुक्काम धरला तर प्रत्येक बाजूला दोन दिवस खर्ची पडतात. शिवाय ज्याची मूळ भीती उंचीची आहे त्याने त्या पुलाचा विचार आधीच करावा, ही सूचना गमतीने केलेली नाही.

अंदमान मात्र रेल्वेच्या आवाक्याबाहेर. चेन्नईहून विमान सव्वादोन तासांत पोहोचते आणि प्रवासी जहाजाला जवळपास तीन दिवस लागतात. सेल्युलर जेल पाहण्याची इच्छा अनेक मराठी घरांत असते, पण समुद्र लागणाऱ्या माणसाने विमानाला घाबरून जहाज निवडू नये.

रेल्वे निवडण्यात खरा तोटा वेळेचा नाही. दरवर्षी विमान टाळले की दरवर्षी सुटल्यासारखे वाटते, आणि त्या सुटकेमुळेच भीती पक्की होत जाते. पुढच्या वर्षी तिकिटाचे नुसते नाव काढले तरी पोटात गोळा येतो. एका सहलीपुरते टाळणे ही सोय आहे. पंधरा वर्षे टाळत राहिल्यावर अमेरिकेतील मुलीच्या बाळंतपणाला जाण्याची वेळ आली की रेल्वेचा पर्याय उरतच नाही. नेदरलँड्सचा फुटबॉलपटू डेनिस बर्गकॅम्प विमानात बसत नसे. आर्सेनलसारख्या संघात असतानाही युरोपातील दूरचे सामने त्याने सोडले. त्याला ते परवडले, कारण उरलेले सामने तो रस्त्याने व रेल्वेने गाठत असे. आपल्यापैकी बहुतेकांची उरलेली यादी इतकी लांब नसते.

जाताना विमान, येताना रेल्वे

माझ्या मते पहिल्या प्रयत्नासाठी हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे, आणि त्यातील क्रम महत्त्वाचा आहे. काही जण उलट करतात, म्हणजे रमतगमत रेल्वेने जातात आणि विमान परतीला ठेवतात. त्याचा परिणाम असा होतो की समुद्रकिनाऱ्यावर बसलेल्या माणसाच्या मनात शनिवारचे विमान घोळत राहते, हवामानाचा अंदाज दिवसातून चारदा पाहिला जातो आणि सुट्टीचा शेवटचा दिवस वायाच जातो. जाताना विमान घेतले तर धास्ती घरीच, कामाच्या आठवड्यात भोगून होते. उतरल्यावर पुढचे सगळे दिवस मोकळे मिळतात. परतीचे रेल्वे तिकीट हातात असल्याने "हे एकदाच करायचे आहे" असे मनाला सांगता येते, आणि ते खरेही असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे: परतीला रेल्वे ठेवणे हेही एक प्रकारचे टाळणेच नव्हे का? आहे. म्हणून हा मार्ग एका सहलीसाठी योग्य, कायमचा नियम म्हणून नव्हे. पहिल्या प्रयत्नासाठी मुंबई-गोवा हा मार्ग मला आदर्श वाटतो, कारण उड्डाण छोटे आहे, परतीला चांगली गाडी आहे, आणि ऐनवेळी पाऊल मागे पडलेच तर त्याच संध्याकाळी निघण्यासाठीही वाहन मिळते. श्रीनगर पहिल्या प्रयत्नासाठी नको. डोंगररांगांवरून खाली येताना तेथे विमान बऱ्याचदा हलते. लहान शहरांना जोडणाऱ्या मार्गांवर अनेकदा एटीआर 72 ही पंख्याची विमाने असतात. ती सुरक्षित आहेत, पण त्यांचा आवाज आणि हिसके जास्त जाणवतात, त्यामुळे तीही दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी ठेवावीत.

तयारी करून विमान, की गोळी घेऊन विमान

पूर्वतयारीने दोन्ही बाजूंचा विमानप्रवास करणे हा दीर्घकाळासाठी सर्वांत चांगला मार्ग आहे, पण तो पंधरवड्यात जमणारा नाही. वर्तनोपचारात भीतीच्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा सराव दिला जातो: आधी उड्डाणाचे आवाज ऐकणे, मग विमानतळावर नुसते जाऊन येणे, मग छोटे उड्डाण. या भीतीवर ही पद्धत प्रभावी असल्याचे संशोधनातून दिसले आहे. ब्रिटिश एअरवेजसारख्या कंपन्या वैमानिक आणि मानसशास्त्रज्ञ यांना एकत्र आणून असे वर्ग चालवतात व शेवटी प्रत्यक्ष उड्डाणही घडवतात. आपल्याकडे समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठणे हा सरळ रस्ता. कोठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर 14416 या टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या शासकीय क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.

तयारीचा एक भाग घरबसल्या होण्यासारखा आहे आणि तो म्हणजे कोणता आवाज केव्हा येणार हे आधी जाणून घेणे. देशांतर्गत मार्गांवर पुष्कळदा एअरबस ए320 कुळातील विमान असते. ते जागेवरून मागे ढकलले जात असताना किंवा धावपट्टीकडे जाताना पायाखालून कुत्रा धापा टाकत भुंकावा तसा खरखरीत आवाज येतो. तो हायड्रॉलिक दाब समान राखणाऱ्या यंत्राचा असतो. जमीन सोडल्यावर काही सेकंदांत धडकन आवाज होऊन चाके आत जातात. मुंबईत विमान बहुधा पश्चिमेला उडते, जुहूचा किनारा मागे पडतो, आणि जमिनीपासून हजार-दीड हजार फुटांवर इंजिनांचा जोर मुद्दाम कमी केला जातो. आवाज अचानक उतरतो, शरीराला आपण खाली चाललो असे वाटते, आणि घाबरलेला माणूस नेमका याच क्षणी शेजाऱ्याचा हात घट्ट धरतो. विमान त्या वेळीही वरच चढत असते. हा क्षण येणार हे ठाऊक असणे आणि नसणे यांत फार अंतर आहे.

हवेतील हिसक्यांबद्दलही थोडे. पंख आणि सांगाडा सेवेत अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार सोसतील असे बनवावे लागतात. बोइंग 777 चे पंख 1995 मधील चाचणीत त्या कमाल भाराच्या 154 टक्क्यांवर तुटले. हिसक्यांत इजा होते ती बहुतांशी पट्टा न बांधलेल्यांना, त्यामुळे पट्टा बांधण्याची दिव्याची खूण विझली तरी तो सैलसर का होईना बांधून ठेवावा. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी जमीन तापल्यावर हवा जास्त हलते. सकाळचे पहिले विमान आणि पंखाजवळची जागा निवडल्यास हालचाल कमी जाणवते. विमानात शिरताना कर्मचाऱ्यांना "मला भीती वाटते" एवढे सांगून ठेवण्यात कमीपणा नाही. श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. घाईघाईने खोल श्वास घेत राहिल्यास चक्कर आणि मुंग्या येतात आणि घबराट वाढते.

गोळीचा मार्ग सर्वांत सोपा दिसतो आणि म्हणूनच मी त्याला शेवटचा क्रमांक देतो. अल्प्राझोलामसारखे घबराट शमवणारे औषध त्या दिवसापुरते काम करते, हे नाकारता येत नाही. परंतु 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात असे दिसले की पहिल्या उड्डाणात हे औषध घेतलेल्या स्त्रियांना आठवड्याने औषधाविना उडताना नुसती निष्क्रिय गोळी घेतलेल्यांपेक्षा अधिक घबराट झाली. पहिल्या वेळी भीती वर जाऊन आपोआप उतरते हे अनुभवायचेच राहून गेले, असा त्याचा अर्थ लावता येतो. बाळंतपण, अंत्यसंस्कार अशा न टळणाऱ्या प्रवासासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी ठीक. सुट्टीसाठी मी ती टाळेन. घ्यायचीच असेल तर आधी एकदा घरी घेऊन पाहावी की नाही हे डॉक्टरांनाच विचारावे, शेजाऱ्याच्या पाकिटातील उचलू नये, आणि मद्यासोबत तर मुळीच घेऊ नये. देशांतर्गत विमानांत मद्य मिळत नाही, पण विमानतळावर मिळते, म्हणून हे सांगावे लागते.

जाताना विमान व येताना रेल्वे हा दुसरा मार्ग निवडणाऱ्याने आरक्षणाचा क्रमही सांभाळावा. रेल्वेचे आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते, आणि दिवाळीच्या व मेच्या सुट्टीत कोकण मार्गावरील गाड्या पहिल्याच सकाळी भरतात. त्यामुळे परतीच्या तारखेपासून साठ दिवस मागे मोजून त्या सकाळी रेल्वेचे तिकीट काढावे, ते पक्के झाले की त्याच बैठकीत जाण्याचे विमान, सकाळचे आणि थेट, आरक्षित करावे. तिकीट रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील ते त्याच वेळी वाचून ठेवावे, म्हणजे आदल्या रात्री तो विषय नव्याने निघत नाही.