गोल, चौकोनी की पंख्यासारखे? सोन्याच्या नाण्याच्या आकाराचा हिशेब

एक औंसाचे, म्हणजे ३१.१ ग्रॅमचे, गोल नाणे आणि तेवढ्याच वजनाचे, तेवढ्याच कसाचे आयताकृती नाणे. दोन्ही वितळवली तर सारखेच सोने हाती येईल. तरीही आयताकृती नाणे सहसा महाग मिळते आणि पंख्याच्या किंवा फुलाच्या आकाराचे त्याहून महाग. हा फरक घडणावळीसारखाच: घेताना पूर्ण मोजायचा, विकताना परत मिळेल की नाही ते समोरच्यावर अवलंबून. माझे मत आधीच सांगून टाकतो. वेगळ्या आकाराचे नाणे घ्यायचे की नाही हे ठरवण्याआधी ते पुढे कोणाला विकणार, हे ठरवा. सराफ सोने घेतो, संग्राहक आकार घेतो.

हिशेबासाठी सोन्याचा भाव १०० धरू. हे आकडे केवळ समजण्यापुरते आहेत, बाजारातले नव्हेत. गोल नाणे १०४ ला घेतले आणि विकताना भावाच्या ९९ टक्के मिळाले, तर सोने सुमारे ५ टक्के चढले की पैसे वसूल. आयताकृती ११० ला घेतले आणि तेवढ्याच दराने विकले, तर सोने ११ टक्के चढावे लागेल. मर्यादित संख्येचे, नक्षीदार आकाराचे नाणे १५० ला घेतले आणि विकायची वेळ आली तेव्हा संग्राहक सापडला नाही, सराफाने भावाच्या ९८ टक्के देऊ केले, तर मुद्दल निघायलाच सोने ५३ टक्के चढावे लागेल. संग्राहक सापडला तर मात्र हेच नाणे १५० चे १८० करून देऊ शकते. म्हणजे इथे तुम्ही सोन्याच्या भावावर कमी आणि दुसऱ्या माणसाच्या हौसेवर जास्त पैसे लावताय.

नाणी गोल का असतात, यामागे टांकसाळीची सोय आहे. ठसा उमटवताना धातू मधून सर्व बाजूंना सारखा पसरतो आणि भोवतीच्या कड्याला भिडून थांबतो. त्याच कड्यामुळे काठावर दातेही उमटतात. पूर्वी काठ कातरून सोने चोरत. दाते आल्यावर ही चोरी लपेनाशी झाली. आकाराला कोपरे असले की धातू तिथे सर्वांत शेवटी पोहोचतो, दाब वाढवावा लागतो आणि साच्यावर ताण येतो. म्हणजे जादा किमतीचा काही भाग खरोखरच कामाचा आहे. उरलेला भाग नवलाईचा.

गोल विरुद्ध आयताकृती

गोल नाण्यांची ताकद ओळखीत आहे. दक्षिण आफ्रिकेचे क्रुगरँड १९६७ पासून निघते, कॅनडाचे मेपल लीफ १९७९ पासून, अमेरिकेचे ईगल १९८६ पासून आणि ऑस्ट्रियाचे फिलहार्मोनिक १९८९ पासून. जगभरच्या व्यापाऱ्यांना त्यांचे वजन, व्यास आणि जाडी तोंडपाठ असते. क्रुगरँड आणि ईगल २२ कॅरेटचे. तांबे मिसळल्याने (ईगलमध्ये थोडी चांदीही असते) त्यांचे एकूण वजन ३३.९३ ग्रॅम भरते, पण आत शुद्ध सोने पूर्ण एक औंस. मेपल लीफ आणि फिलहार्मोनिक ९९९.९ कसाचे, म्हणजे हजार भागांत ९९९.९ भाग सोने.

त्यांच्यासमोर ठेवण्याजोगे वेगळ्या आकाराचे नाणे म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या पर्थ मिंट या टांकसाळीचे आयताकृती ड्रॅगन. दिसायला लगडीसारखे, पण त्यावर १०० ऑस्ट्रेलियन डॉलरचे दर्शनी मूल्य असल्याने कायद्याने नाणेच. वजन एक औंस, कस ९९९.९. वेगळा आकार आणि गुंतवणूक असे दोन्ही हवे असेल तर माझे मत याच प्रकाराला. ते गुंतवणुकीच्या नाण्यांबरोबरच विकले जाते, टांकसाळ नामांकित आहे आणि संग्राहक मिळाला नाही तरी व्यापारी ते एक औंस सोने म्हणून घेईल. अडचण एकच: शुद्ध सोने मऊ असते आणि कोपरे आधी दुखावतात. गोल नाण्याच्या काठावरचा बारीक ठोका खपून जातो, दबलेला कोपरा पहिल्या नजरेत दिसतो. म्हणून हे नाणे त्याच्या पारदर्शक डबीतून (कॅप्सूलमधून) बाहेर काढायचे नाही. पाहुण्यांच्या हातात द्यायला क्रुगरँड बरे.

मर्यादित संख्येची, आकारासाठीच काढलेली नाणी

इथे विविधता भरपूर. चीन आपल्या राशीचक्राच्या (बारा वर्षांचे बारा प्राणी) मालिकेत पंख्याच्या आणि आलुबुखाराच्या फुलाच्या आकाराची सोन्याची नाणी काढतो. बर्म्युडाने १९९६ ते १९९८ या काळात त्रिकोणी नाणी काढली, अर्थातच त्या प्रसिद्ध त्रिकोणाच्या नावाने. अमेरिकेने २०१४ मध्ये बेसबॉलच्या नॅशनल हॉल ऑफ फेमसाठी (नामवंत खेळाडूंचा गौरव करणाऱ्या संग्रहालयासाठी) वाटीसारखे वळवलेले ५ डॉलरचे सोन्याचे नाणे काढले: एका बाजूला खोलगट हातमोजा, दुसऱ्या बाजूला फुगीर चेंडू. कमाल संख्या ५०,००० होती आणि ती सगळी विकली गेली. हे नाणे मला मनापासून आवडते, कारण इथे आकार विषयातूनच आला आहे. ब्रिटनचे ५० पेन्सचे सात बाजूंचे नाणे सोन्यातही निघते, २२ कॅरेटचे, १५.५ ग्रॅमचे. त्याची गंमत अशी की बाजू सात असल्या तरी कुठूनही मोजा, रुंदी सारखीच भरते.

विक्रेते या नाण्यांबाबत एकच गोष्ट ठासून सांगतात: संख्या कमी आहे. संख्या महत्त्वाची आहेच, पण वेगळा आकार म्हणजे दुर्मिळ असे मात्र नाही. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरले होते. त्यासाठी शिल्पकार रॉबर्ट एटकेन यांनी रेखाटलेले ५० डॉलरचे सोन्याचे नाणे दोन आकारांत काढले, गोल आणि अष्टकोनी. अष्टकोनीच्या कोपऱ्यांत डॉल्फिन. दोन्ही प्रत्येकी सुमारे १,५०० पाडली आणि १०० डॉलरला, म्हणजे दर्शनी मूल्याच्या दुप्पट किमतीला, विकायला ठेवली. लोकांना अष्टकोनी आवडले. ते ६४५ गेले, गोल फक्त ४८३, आणि उरलेली वितळवली. त्यामुळे आज त्या जोडीतले दुर्मिळ नाणे गोल आहे! तेव्हा पुस्तिकेवरच्या कमाल संख्येपेक्षा प्रत्यक्षात किती विकली गेली, किती वितळली आणि ती मालिका पूर्ण करणारे लोक किती आहेत, हे विचारा. चिनी राशीमालिकेला हा शेवटचा आधार चांगला आहे, कारण बारा वर्षांचे चक्र पूर्ण करणारे ग्राहक असतात. एखाद्या चित्रपटासाठी किंवा एकाच सोहळ्यासाठी काढलेल्या नाण्याला तो नसतो.

अर्धा किंवा एक ग्रॅमची पानाच्या, हृदयाच्या, प्राण्याच्या आकाराची नाणी भेट म्हणून छान. गुंतवणूक म्हणून त्यांचा विचारच करू नका. त्यांच्या किमतीत सोने कमी आणि डबी जास्त असते.

जुनी नाणी

कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या लाटेच्या काळात, १८५१ पासून, सोन्याचा कस तपासणारे सरकारी अधिकारी ऑगस्टस हम्बर्ट यांच्या शिक्क्याने ५० डॉलरचे जाडजूड अष्टकोनी तुकडे निघाले. जपानची कोबान नावाची लंबगोल नाणी त्याहून जुनी. १६०१ च्या, केइचो काळातल्या कोबानमध्ये सुमारे ८४ टक्के सोने होते. १६९५ च्या, गेनरोकू काळातल्या कोबानमध्ये वजन जवळपास तेच ठेवून सोन्याचे प्रमाण सुमारे ५७ टक्क्यांवर आणले. सारखा आकार पाहून सारखे सोने धरणाऱ्याची इथे फसगत होते. या नाण्यांची किंमत काळ, अवस्था आणि अस्सलपणा यांवर ठरते, सोन्याच्या भावाशी तिचा संबंध दूरचा. नकलाही भरपूर. अभ्यास नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेने तपासून सीलबंद केलेलेच घ्या.

खरे-खोटे आणि जपणूक

प्रचलित गोल नाण्यासाठी व्यास आणि जाडी एकाच वेळी तपासणारी खाचेची साधने मिळतात. क्रुगरँड खाचेत बसले आणि वजन जुळले की बहुतेक नकला तिथेच बाद होतात. फुलाच्या आकाराला अशी खाच नाही. तिथे पाण्याची परीक्षा कामी येते: एक औंस शुद्ध सोने पूर्ण बुडवले तर साधारण १.६१ ग्रॅम पाणी बाजूला सारते, आकार कोणताही असो. मात्र टंगस्टनची घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३, इतकी जवळ की आत टंगस्टन भरलेले नाणे पाण्याच्या परीक्षेत पकडले जात नाही. त्यासाठी विद्युतवाहकता किंवा ध्वनिलहरी मोजणारे यंत्र लागते. त्याला सपाट जागा हवी असते, वळवलेल्या किंवा खूप उठावदार नाण्यावर ते अडखळते. शिवाय सीलबंद पाकीट फोडून पाण्यात बुडवलेले नाणे पुढच्या संग्राहकाला दाखवायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

ठेवायची सोयही गोल नाण्याच्या बाजूने. ईगल वीस-वीसच्या नळीत येतात. पंखा आणि त्रिकोण स्वतःच्या डब्यात राहतात, आणि दहा नाण्यांत तिजोरीचा कप्पा भरतो.

कर प्रत्येक देशात वेगळा, पण युरोपीय संघाचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८०० नंतर पाडलेले, किमान ९०० कसाचे, मूळ देशात कायदेशीर चलन असलेले किंवा पूर्वी असलेले आणि सहसा आतल्या सोन्याच्या बाजारभावापेक्षा ८० टक्क्यांहून जास्त महाग न विकले जाणारे नाणे तिथे गुंतवणुकीचे सोने ठरते आणि त्याला मूल्यवर्धित कर माफ असतो. हा नियम आकाराबद्दल चकार शब्द काढत नाही. पण हौसेच्या नाण्यांची किंमत ती रेषा सहज ओलांडते, आणि मग कराची भर पडते.

त्यामुळे बचत म्हणून सोने घेणाऱ्याने गोलच घ्यावे. आकारासाठी जादा देण्याचे त्याला काही कारण नाही. बहुतेक सोने गोल नाण्यांत असेल आणि एखाददुसरे वेगळे हवे असेल तर आयताकृती ड्रॅगन. संग्रहच करायचा असेल तर एकच मालिका धरा, आणि मूळ डबा, प्रमाणपत्र, पावती जपून ठेवा, कारण पुढचा संग्राहक नाण्याआधी तेच मागतो. विक्रेत्याला पैसे देण्याआधी एवढे विचारा: हेच नाणे मी आज तुम्हाला विकायला आणले असते तर किती दिले असते? उत्तर फक्त सोन्याच्या भावात आले, तर वरची सगळी रक्कम हौसेच्या खात्यात लिहा.