आर्कचं फॉर्म गाइड: ट्रायलचं प्रकरण एक नंबर, ग्राउंडच्या बाबतीत मात्र फारच कच्चं

2025 च्या आर्कसाठी, म्हणजे पॅरिसच्या प्री द लार्क द त्रिओंफ या घोड्यांच्या मोठ्या रेससाठी, पैसे भरून एक डिजिटल फॉर्म गाइड (घोड्यांची आधीची कामगिरी तोलून सांगणारं पुस्तक) घेतलं होतं. रेस झाली, निकाल लागला, आता तो निकाल शेजारी ठेवून सगळं गाइड परत वाचलं आणि म्हटलं नीट रिव्ह्यू लिहावा. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला जे खटकलं ते या प्रकारच्या बऱ्याच गाइडमध्ये असतं आणि घेणाऱ्याने नेमकं काय बघावं हे कळलं म्हणजे झालं.

ज्यांना आर्क नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन: ऑक्टोबरचा पहिला रविवार, पॅरिसचं लाँगशां, 2400 मीटर, टर्फ, उजव्या हाताची रेस, बक्षिसाची रक्कम 50 लाख युरो. युरोपातले टॉपचे तीन वर्षांचे आणि त्याहून मोठे घोडे इथे समोरासमोर येतात, वर जपानमधून येणारे वेगळे. त्यामुळे इंग्लंडचा फॉर्म, आयर्लंडचा फॉर्म, फ्रान्सचा, जर्मनीचा, जपानचा असं सगळं एका तराजूत टाकावं लागतं आणि हेच या रेसचं अवघड काम आहे. त्यासाठीच तर माणूस गाइड घेतो.

आधी चांगलं सांगतो. कोर्सचं प्रकरण व्यवस्थित आहे. सुरुवातीचा सरळ भाग, मग चढ, सगळ्यात उंच जागा साधारण 10 मीटर वर, तिथून उतरत उतरत वळण, मग ते फसवं सरळ जिथे घाईचा जॉकी घोडा लवकर सोडून बसतो, आणि मग 533 मीटरचं खरं शेवटचं सरळ. 2018 पासून शेवटच्या सरळात आतली रेल (कोर्सच्या कडेचं कुंपण) बाजूला घेऊन जादा जागा मोकळी करतात, त्यामुळे आत अडकलेल्या घोड्यालाही वाट मिळू शकते, हे पण त्यांनी नकाशावर दाखवलंय. उतारावर तोल सांभाळणारा घोडा कसा ओळखायचा यावर दोन पानं आहेत, ती मला फार आवडली.

ट्रायलचं प्रकरण तर या गाइडचा जीव आहे. सप्टेंबरमधल्या लाँगशांच्या ट्रायल (आर्कच्या आधीच्या तयारीच्या रेस), म्हणजे व्हेरमेय, फ्वा आणि निएल, प्रत्येकीचा पेस (रेसचा वेग) कसा होता, कोण मोकळा धावला, कोणाला जॉकीने मुद्दाम जोर लावला नाही, सगळं बारकाईने लिहिलंय. शिवाय प्रिन्स दोरांज ही 2000 मीटरची रेस त्यांनी सोडली नाही, तिथे जपानच्या क्रुआ द्यू नोर या घोड्याने फ्रान्सच्या दारिझला अगदी थोडक्यात हरवलं होतं. गाइडवाल्याने लिहिलं होतं की दारिझला शेवटी अंतर कमी पडलं आणि 2400 ला तो सुधारेल. हे वाचून मला खरंच बरं वाटलं कारण असं डोळ्याने रेस बघून लिहिणारे कमी उरलेत. आणि पुढे झालं काय, आर्क दारिझनेच मारली, मिनी हॉकला जेमतेम डोक्याच्या फरकाने मागे टाकून.

पण त्याच गाइडच्या रेटिंग टेबलमध्ये, जिथे प्रत्येक घोड्याला कामगिरीवरून एक आकडा देतात, दारिझ खाली होता! कारण ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कला इंटरनॅशनल स्टेक्समध्ये तो शेवटचा आला आणि टेबल बनवणाऱ्याने तो आकडा तसाच्या तसा धरला. म्हणजे एका पानावर लेखक सांगतो घोडा सुधारतोय आणि दुसऱ्या पानावर टेबल सांगतं सोडून द्या. दोघांनी एकमेकांचं काम वाचलेलं नाही हे सरळ दिसतं. पैसे घेऊन विकायच्या वस्तूत हे चालणार नाही.

आता मुख्य तक्रार, ग्राउंड, म्हणजे जमीन किती कोरडी किंवा ओली आहे ते. लाँगशांला ऑक्टोबरमध्ये पाऊस ही काही नवलाची गोष्ट नाही. तिथे जमिनीत रॉड सोडून तो किती आत जातो ते मोजतात आणि आकडा जाहीर करतात, आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. हा आकडा रेसच्या दिवसापर्यंत बदलत राहतो. आणि हे गाइड सोमवारी निघतं, रेटिंगचा एकच कॉलम, कोरड्या जमिनीवर काय आणि चिखलात काय याचा वेगळा हिशोबच नाही. 2011 ला डेनड्रीमने 2 मिनिटं 24.49 सेकंदात आर्क जिंकली, तो लाँगशांचा रेकॉर्ड, आणि 2021 ला टोर्काटर टासोला मऊ जमिनीवर 2 मिनिटं 37.62 सेकंद लागले. तोच कोर्स, तेच अंतर, आणि तेरा सेकंदांचा फरक. असं असताना गाइडमध्ये घोड्यांच्या वेगवेगळ्या ग्राउंडवरच्या टायमिंगची एकाखाली एक सरळ तुलना केलीय, जी माझ्या मते काढूनच टाकायला हवी.

टोर्काटर टासोचं उदाहरण तर प्रत्येक आर्क गाइडच्या पहिल्या पानावर हवं. 72 ला 1 चा भाव, जर्मनीचा घोडा, आणि त्याने तर्नावा, हरिकेन लेन, अदायर या सगळ्यांना मागे टाकलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला त्याला हरवलं होतं अल्पिनिस्टा नावाच्या मेअरने (घोडीने). ज्याने ही जोडणी लक्षात ठेवली त्याला 2022 ला अल्पिनिस्टाकडे वेगळ्या नजरेने बघता आलं, आणि त्या दिवशी लाँगशांला पाऊस कोसळत असताना तिने आर्क जिंकली. जर्मन फॉर्म ओल्या जमिनीवर इथे चालतो हे दोन वर्षं लागोपाठ दिसलं, आणि या गाइडमध्ये जर्मनीला अर्धं पान! फारच कमी.

ड्रॉचा, म्हणजे कोणता घोडा कोणत्या नंबरच्या स्टॉलमधून सुटणार त्या सोडतीचा, पण तोच प्रॉब्लेम. ड्रॉ निघतो गुरुवारी, गाइड सोमवारचं, मग ते फक्त एवढंच सांगतं की आतला स्टॉल बरा. ते खरंच आहे, ब्लूस्टॉकिंगने 2024 ला 3 नंबरमधून जिंकली, दारिझ 2 मधून सुटला आणि मिनी हॉक 1 मधून, तर क्रुआ द्यू नोर अगदी बाहेर 17 मध्ये आणि कुठेच दिसला नाही. पण बाहेरून जिंकताच येत नाही असं नाही ना, ट्रेव्ह 2013 ला 15 मधून जिंकली, गोल्डन हॉर्न 2015 ला 14 मधून, तिथे जॉकी डेटोरीने त्याला आधी एकट्याला बाहेर ठेवलं आणि मग हळूहळू आत आणलं. कोणत्या घोड्याकडे तेवढा सुरुवातीचा वेग आहे आणि कोणत्या जॉकीकडे तेवढी हिंमत, हे ड्रॉ निघाल्यावर कोणीतरी लिहायला पाहिजे होतं. ईमेलने दोन पानांचं अपडेट पाठवलं असतं तरी चाललं असतं, आलं नाही.

वजनाचं प्रकरण ठीक. तीन वर्षांच्या कोल्टला (नर घोड्याला) 56.5 किलो, मोठ्याला 59.5, फिली (तरुण घोडी) आणि मेअरला त्यातून दीड किलो सूट. 2008 ते 2025 या 18 आर्कपैकी 10 फिली किंवा मेअरने जिंकल्या हे त्यांनी ठळक छापलंय, ते बरं केलं.

जपानवर मात्र मनापासून लिहिलंय. 1999 ला एल कोंडोर पासा दुसरा, 2010 ला नाकायामा फेस्टा दुसरा, ऑर्फेव्हर 2012 आणि 2013 दोन्ही वेळा दुसरा, आणि अजून एकदाही विजय नाही. 2012 ला ऑर्फेव्हर पुढे निघून गेला होता आणि रेलकडे कलत गेला, सोलेमियाने त्याला शेवटी गाठलं, ती रेस मी अजूनही बघू शकत नाही. घट्ट, वेगवान टर्फवर वाढलेला घोडा लाँगशांच्या मऊ जमिनीत का थकतो हे लेखकाने स्ट्राइडपासून (घोड्याच्या टापेची लांबी आणि पद्धत) समजावून सांगितलंय, आणि गंमत म्हणजे सगळ्या गाइडमध्ये ग्राउंडचा खरा विचार फक्त इथेच केलेला आहे. सगळ्या घोड्यांवर लिहायला हाच माणूस बसवायला हवा होता.

पाचपैकी तीन स्टार. ट्रायलच्या रेस स्वतः बघायला वेळ नसेल तर घ्या, ते प्रकरण पैसे वसूल करतं. रेटिंग टेबल बघून पैसे लावू नका, ते बाजूला ठेवा, गुरुवारचा ड्रॉ आणि रविवार सकाळचा जमिनीचा आकडा हातात आल्यावर ट्रायलची पानं परत उघडा आणि स्वतः क्रम लावा. आणि कंपनीवाले वाचत असतील तर पुढच्या वर्षी रेटिंगचे दोन कॉलम द्या, कोरडं आणि ओलं, मी परत घेईन.