आमचे प्राथमिक आरोग्य केंद्र : सर्पदंशाच्या उपचाराविषयी अभिप्राय

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राविषयी हा अभिप्राय आहे. ताप, लसीकरण किंवा रक्तदाबाच्या गोळ्या यांपुरते विचाराल तर केंद्र बरे आहे. सोमवारी गर्दी असते आणि औषधे बहुधा मिळतात. परंतु कोकणातल्या आरोग्य केंद्राची खरी पारख सर्पदंशाच्या रुग्णावरून करावी, असे माझे मत आहे. त्या कसोटीला हे केंद्र दिवसा पूर्ण उतरते, रात्री मात्र निम्मेच.

आमच्याकडे कातळावर आणि जांभ्याच्या गडग्यांत (दगडी बांधांत) फुरसे हा विषारी साप सर्रास आढळतो. भाजावळीसाठी, म्हणजे शेत भाजण्यासाठी, पातेरा (वाळका पाला) गोळा करताना, काजूच्या बागेत किंवा भातकापणीत ते चावते, आणि आकाराने लहान असल्यामुळे माणसे दंश अंगावर काढतात. त्याच्या विषाने रक्त गोठवणारे घटक संपत जातात. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येऊ लागेपर्यंत बराच वेळ हातचा गेलेला असतो. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. आराखडा दिल्लीत झाला, तरी तो तडीस जाणार की नाही हे अशाच केंद्रांतल्या औषधाच्या फ्रिजवर आणि तिथल्या डॉक्टरच्या तयारीवर ठरणार आहे.

गेल्या भातकापणीत आमच्या वहिनींना पेंढी उचलताना हाताला फुरसे चावले. केंद्रात पोचल्यावर डॉक्टरांनी दंडाला आवळून बांधलेला पंचा तोडायची घाई केली नाही. आधी सलाईन लावले, औषधे हाताशी घेतली आणि मगच तो हळूहळू सैल केला. नंतर सिस्टरनी कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती टेबलावर उभी ठेवली आणि वीस मिनिटे कोणालाही हात लावू दिला नाही. नळी काचेचीच लागते, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठण्यास चालना मिळते. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत ही परीक्षा फसते. वेळ भरल्यावर नळी आडवी केली तेव्हा रक्त पाण्यासारखे ओघळले, म्हणजे ते गोठलेच नव्हते. मग प्रतिसर्पविषाच्या, म्हणजे सापाच्या विषावरील औषधाच्या, दहा कुप्या सलाईनमधून चढवल्या, शेजारच्या ट्रेमध्ये अ‍ॅलर्जी आलीच तर द्यायची अ‍ॅड्रिनलीन भरलेली सिरिंज तयार होती, आणि सिस्टर सांगत होत्या, "काकी, हात हलवू नका, काही वाटलं तर लगेच बोला." त्यानंतरच १०८ च्या गाडीने त्यांना उपजिल्हा रुग्णालयात हलवले. खर्च काही आला नाही. राज्य सरकारच्या निर्णयानुसार १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत उपचार मोफतच आहेत.

यात विशेष ते काय, असे ज्यांना वाटेल त्यांनी "पुढे न्या" हे दोन शब्द रात्रीच्या वेळी ऐकलेले नसावेत. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका केंद्रात कुप्या फ्रिजमध्ये असतानाही आमच्या वाडीतल्या एका मुलाला एकही कुपी न देता पुढे पाठवले होते. त्यामागे आळसच असतो असे मी म्हणणार नाही. हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनते, काही रुग्णांना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी येते, आणि एकट्या तरुण डॉक्टरला दाराबाहेर जमलेल्या माणसांचीही भीती असते. तरीसुद्धा प्रतिसर्पविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, झालेली हानी भरून काढत नाही. त्यामुळे पहिला डोस घाटाच्या अलीकडे मिळणे आणि पलीकडे मिळणे यांत फार मोठे अंतर आहे. लहान मुलालाही मोठ्याइतक्याच कुप्या लागतात, कारण मूल लहान म्हणून साप विष कमी सोडत नाही, हे आमच्या डॉक्टरांनी एका घाबरलेल्या आईला ज्या शांतपणे समजावले ते ऐकण्यासारखे होते.

महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाची लक्षणे टिपली, १९८२ मध्ये ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यावर वापरून दाखवली. कोकणातल्या एका साध्या केंद्रातून जगाला उपचार मिळाला असताना, केंद्र म्हणजे रुग्ण पुढे पाठवण्याचे टपाल कार्यालय, अशी समजूत आपण का करून घेतली आहे?

आता उणिवा. वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे दोन, भरलेले एक. तेही वर्षभराच्या बंधपत्रावर आलेल्या डॉक्टरने. सध्याच्या डॉक्टरांची शिस्त त्यांच्याबरोबरच जाईल की सिस्टर ती टिकवतील, ही माझी मुख्य शंका आहे. व्हेंटिलेटर नाही, त्यामुळे मण्यार चावलेल्या रुग्णाचा श्वास अडखळू लागला, तर अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबत गाडीतून नेण्याशिवाय इलाज नाही. चापडा या सापाच्या विषावर प्रतिसर्पविष चालत नाही, कारण ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याच विषावर बनते; हा दोष केंद्राचा नव्हे, पण भिंतीवरच्या फलकावर तसे लिहायला हवे. डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र हा सरकारी निकष माणसे मोजतो, खाडी मोजत नाही. पलीकडची वाडी केंद्राच्या पायरीवरून दिसते. तिथल्या रुग्णाला मात्र खाडीतली तर (होडी) बंद झाल्यावर पुलापर्यंतचा सगळा वळसा घालून यावे लागते.

केंद्रात जाणाऱ्यांनी साप मारून सोबत नेऊ नये, तिथे तो कोणी मागत नाही; लांबून काढलेला फोटो पुरतो. जखमेवर ब्लेड चालवू नये, दोरी आवळू नये, आणि निघतानाच केंद्रात फोन करावा म्हणजे नळी व कुप्या तयार राहतात. रात्री पुढच्या दाराची बेल वाजत नाही. डाव्या बाजूने मागे जाऊन निवासस्थानाचे दार ठोठवावे.