फ्लोअर लाकडी आहे, म्हणून आधी तेच सांगते

नॉर्दर्न सोलच्या, म्हणजे जुन्या अमेरिकन सोल गाण्यांवर नाचण्याच्या रात्रीला पुन्हा जायचं की नाही, हे मी फ्लोअरवरून ठरवते. उत्तर इंग्लंडात, लँकेशायरमध्ये मी नुकतीच गेले त्या जुन्या हॉलचा फ्लोअर खराखुरा लाकडी आहे. खाली पोकळी असल्यामुळे पाय पडला की तो कणभर दबतो आणि परत वर येतो. टाच आपटली तरी हादरा गुडघ्यापर्यंत पोचत नाही, लाकूडच तो गिळतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर दुसऱ्यांचे गुडघेच हातात असतात. त्यामुळे पहिल्याच गाण्याला हे कळलं आणि जीव भांड्यात पडला.

गेल्या वर्षीचा अनुभव अजून ताजा होता. एका हॉटेलच्या हॉलमध्ये अशीच सोल नाइट ठेवली होती. तिथे गालिच्यावरच फळ्या एकमेकींत अडकवून नाचायला चौकोन केला होता. गिरकी घेताना एका बाईंचा बूट फळ्यांच्या सांध्यात अडकला आणि त्या हातावर पडल्या. मनगट मोडलंय हे बघताक्षणी कळलं. माझ्या स्कार्फने त्यांचा हात गळ्यात बांधला आणि अँब्युलन्स येईपर्यंत शेजारी बसून राहिले. त्यांना दुखण्याचं फार वाटत नव्हतं. पुढच्या महिन्यातल्या ऑलनाइटरचं, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाचाचं तिकीट काढून ठेवलेलं होतं, ते वाया जाणार म्हणून त्या रडत होत्या. तेव्हापासून माझं ठरलंय: फ्लोअर आधी बघायचा, तिकीट मग काढायचं.

मी राहते बोल्टनला. मला या नादाला लावलं ते शेजारच्या काकांनी. समोर मी त्यांना नावानेच हाक मारते, इथली रीतच तशी, पण मराठीत लिहायला बसले की काकाच येतं. वय 68. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचा गुडघा बदलला आणि संध्याकाळी पाय उचलण्याचे, वाकवण्याचे व्यायाम करून घ्यायला मी त्यांच्याकडे जाऊ लागले. मी घड्याळ लावलं तर म्हणाले, ‘घड्याळ कशाला, लव्ह? एक रेकॉर्ड संपेपर्यंत करतो.’ सात इंची सिंगल, साधारण अडीच मिनिटांची. पहिल्या दिवशी त्यांनी डोबी ग्रेचं ‘आउट ऑन द फ्लोअर’ लावलं. व्यायाम त्यांचा चालला होता आणि ठेका मीच धरला होता, उभ्या उभ्या.

ज्यांनी हे संगीत ऐकलेलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गाणी अमेरिकेतली, बहुतेक 1960च्या दशकातली, डेट्रॉइट-शिकागोकडच्या कृष्णवर्णीय गायकांची. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांसारखा पळता ठेका, चारही मात्रांवर ठोका, मागे ट्रम्पेट, व्हायोलिनं, आणि त्यावर जीव तोडून गाणारा आवाज. यातली कितीतरी गाणी तिकडे कोणी विकत घेतली नाहीत. छोट्या कंपन्या बुडाल्या, रेकॉर्ड गोदामात पडून राहिल्या. त्या शोधून आणल्या आणि डोक्यावर घेतल्या त्या उत्तर इंग्लंडच्या गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या पोरांनी. ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव मात्र लंडनमध्ये पडलं. डेव्ह गोडिन यांचं तिथे रेकॉर्डचं दुकान होतं. फुटबॉलच्या सामन्याला उत्तरेकडून आलेले प्रेक्षक दुकानात शिरून नवीन गाणी सोडून ही जुनी, जलद गाणीच मागायचे. 1970 साली गोडिन यांनी ‘ब्लूज अँड सोल’ मासिकातल्या आपल्या सदरात हे नाव छापलं आणि ते चिकटलं. म्हणजे नावातलं ‘नॉर्दर्न’ गाणाऱ्यांचं नव्हे, ऐकणाऱ्यांचं.

मला या गाण्यांचं वेड लागलं ते त्यांच्यातल्या एका गोष्टीमुळे. शब्द बहुतेक वेळा विरहाचे असतात. कोणीतरी सोडून गेलंय, कोणीतरी परत येणार नाहीये. आणि ठेका असा की बसून राहणं अशक्य. दुःख गळ्यात, आनंद पायात. आठवडाभर वॉर्डात जे बघते, जे घरी कोणाला सांगता येत नाही, ते या फ्लोअरवर पायांवाटे निघून जातं. ही थेरपी आहे असं मी म्हणणार नाही, तो शब्द माझ्या कामाचा आहे आणि मी तो जपून वापरते. पण सोमवारी मी हलकी असते, हे खरं.

आता प्रत्यक्ष रात्रीबद्दल. वेळ रात्री 10 ते सकाळी 6. दारावर 12 पौंड, मनगटावर शिक्का. दाराशीच पाटी: ‘फ्लोअरवर पावडर टाकू नये, ग्लास घेऊन जाऊ नये.’ पावडरचा प्रकार मला काकांनी सांगितला. पूर्वी प्रत्येकाच्या बॅगेत टाल्कमचा डबा असायचा. आपल्या जागेपुरती पावडर शिंपडायची की चामड्याच्या तळाचा बूट लोण्यासारखा सरकायचा. कॅरमवर आपण बोरिक पावडर टाकतो ना, अगदी तेच. सोंगटीच्या जागी स्वतः. आता बऱ्याच ठिकाणी मनाई आहे आणि इथली मनाई मला पटते. कडेला बसलेल्या साठीपुढच्या माणसांना त्या सांडलेल्या पावडरीवरून टॉयलेटला जायचं असतं.

बुटांबद्दल मात्र माझं ऐकाच. रबरी तळाचे घालून जाऊ नका. रबर जमीन धरून ठेवतं, अंग फिरतं आणि मधल्यामध्ये गुडघा पिळवटतो. चामड्याचा तळ हवा. मी पहिल्या खेपेला स्पोर्ट्स शूज घालून गेले होते. एका अनोळखी बाईंनी माझ्या पायाकडे बघितलं, आपल्या बॅगेतून जास्तीची जोडी काढली आणि विचारलं, ‘साइज पाच?’ माझा पाच नाही, पण मोजे दुहेरी घालून निभावलं. त्या रात्रीत त्यांनी मला नाव विचारलं नाही की कुठून आलीस हेही विचारलं नाही. सकाळी बूट परत दिले तेव्हा एवढंच म्हणाल्या की डावा पाय उशिरा उचलतेस.

इथे जोडीदार लागत नाही. प्रत्येक जण एकटा नाचतो, आपापल्या दोन-तीन फुटांत. पावलं डावी-उजवीकडे सरकत राहतात, कमरेवरचं अंग जवळपास ताठ. मग गाण्यात जागा आली की गिरकी, लाथ, किंवा मागे झोकून हातावर पडून ठेक्याला परत उभं राहणं. तो शेवटचा प्रकार तरुण मुलंच करतात, आणि ती होती, विशीतली, चांगली पंधरा-वीस. आई-वडिलांच्या रेकॉर्डवर वाढलेली. आणि टाळी! काही गाण्यांत एका ठरलेल्या जागी वाद्यं क्षणभर थांबतात आणि अख्खा हॉल एकच टाळी वाजवतो. कोणी खूण करत नाही. पहिल्यांदा ती टाळी कानावर आली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आता मलाही तीन-चार गाण्यांतली जागा ठाऊक आहे आणि ती जवळ येऊ लागली की हात आपोआप वर जातात.

डीजे चौघं होते आणि चौघंही मूळ रेकॉर्डच वाजवत होते. यावर या लोकांचं एकमत असतं: लॅपटॉप नाही, नवी नक्कल नाही, त्या काळी छापलेली प्रत. मी एका डीजेच्या अगदी शेजारी उभी राहून बघितलं. कागदी पाकिटातून रेकॉर्ड काढताना बोटं फक्त कडेला. दिव्याखाली तिरकी धरून बघितली, हलकी फुंकर मारली आणि सुई ठेवताना श्वास रोखला. तेवढ्या वेळात चाळीस माणसं फ्लोअरवर आपापल्या जागी स्तब्ध. पहिल्या दोन सुरांतच कुठूनतरी एक आनंदाची आरोळी.

मूळ प्रतीचा हा आग्रह कुठपर्यंत जातो, त्याचं फ्रँक विल्सनचं ‘डू आय लव्ह यू’ हे मोठं उदाहरण. 1965 सालचं गाणं. रेकॉर्ड बाजारात आलीच नाही, मोजक्याच प्रती उरल्या. 2009 साली त्यातली एक 25,742 पौंडांना विकली गेली. पूर्वी डीजे अशा रेकॉर्डच्या लेबलवर खोटं नाव चिकटवायचे, म्हणजे दुसऱ्या डीजेला ती शोधता येऊ नये. हेच गाणं कित्येक वर्षं एडी फॉस्टर या भलत्याच नावाने वाजत होतं. इथल्या स्टॉलवर अर्थात एवढं महाग काही नव्हतं. खोके नीट लावलेले, प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने किंमत आणि प्रतीची अवस्था. मी केंट लेबलचं एक पुनर्मुद्रण घेतलं, 10 पौंडांना. स्टॉलवाल्या गृहस्थांनी ते मला आधी हेडफोनवर पूर्ण ऐकवलं.

पण खरी मेजवानी होती ती बारशेजारच्या छोट्या खोलीत. जुनी मंडळी चहा घेऊन तिथे टेकतात आणि विगन कसिनोच्या गोष्टी निघतात. कसिनो म्हणजे जुगाराचा अड्डा नव्हे, विगन गावातला जुना एम्प्रेस बॉलरूम. तिथे 23 सप्टेंबर 1973 रोजी पहिला ऑलनाइटर झाला. काका पहिल्यांदा गेले ते 1975 साली, मित्राच्या व्हॅनमध्ये मागे बसून. दार रात्री 2 वाजता उघडायचं आणि बाहेर रस्ताभर गर्दी. आत दारू नाही. बॅगेत टॉवेल, दोन जास्तीचे शर्ट, पावडरचा डबा. बॅगेवर आवळलेल्या मुठीचा आणि ‘कीप द फेथ’चा बिल्ला शिवलेला. आत शिरलं की छताखाली घामाची वाफ साठलेली आणि ती थेंब होऊन खाली पडायची. सकाळी 8 वाजता बाहेर पडून काका आणि त्यांचे मित्र विगनच्या सार्वजनिक तलावावर पोहायला जायचे. ‘घाम तिथे सोडायचो आणि आईसमोर स्वच्छ जायचो,’ असं सांगताना ते सतरा वर्षांचे दिसत होते.

गोळ्यांबद्दलही बोलणं झालं. त्या काळात जागं राहायला बरेच जण अँफेटामाइन घ्यायचे. टनस्टॉलचा गोल्डन टॉर्च हा असाच क्लब 1973 साली बंद झाला त्यात या गोळ्यांचा मोठा वाटा होता. काकांचा एक मित्र त्यातच गेला. हे त्यांनी खाली बघत सांगितलं आणि कोणी पुढे काही विचारलं नाही. आठवणी म्हटलं की सगळं सोनेरीच असतं असं नाही, आणि या मंडळींनी ते लपवलं नाही याचा मला आदर वाटला.

तक्रारी दोन. पहाटे 3 नंतर हॉलमध्ये हवा उरली नव्हती. खिडक्या उघडणाऱ्या आहेत, पण बाहेर आवाज जातो म्हणून बंद ठेवल्या. निदान दोन मोठे पंखे तरी हवेत. आणि पिण्याचं पाणी बारवर रांग लावून मागावं लागतं. आठ तास नाचणाऱ्या, त्यात अर्ध्याअधिक साठीपुढच्या माणसांसाठी पाण्याचे जार समोरच टेबलावर ठेवायला हवेत. हे मी आयोजकांना तिथेच सांगितलं, त्यांनी लिहूनही घेतलं. या दोन गोष्टी सुधारल्या तर पाचपैकी पाच; आज साडेचार.

शेवटचा पाऊण तास चुकवू नका. आपल्याकडे मैफलीत भैरवी सुरू झाली की श्रोत्यांच्या मनात कालवाकालव होते, तसं इथे तीन गाण्यांनी होतं. कसिनोत दर रात्र याच तिघांनी संपायची: टोबी लेजंडचं ‘टाइम विल पास यू बाय’, जिमी रॅडक्लिफचं ‘लाँग आफ्टर टुनाइट इज ऑल ओव्हर’ आणि डीन पॅरिशचं ‘आय अ‍ॅम ऑन माय वे’. सकाळच्या आठच्या आधीची तीन, म्हणून ‘थ्री बिफोर एट’. 6 डिसेंबर 1981 ला कसिनो बंद झालं तेव्हा काका तिथे होते. ही तीन गाणी पुन्हा पुन्हा वाजवली तरी माणसं हलेनात. शेवटी फ्रँक विल्सनची ती रेकॉर्ड लावली आणि तिच्यावर कसिनो मिटलं. इमारत 1983 साली पाडली, आता तिथे ग्रँड आर्केड हे शॉपिंग सेंटर आहे.

इथे ती तीन गाणी सहाच्या आधी वाजली. पहिल्याला काका खुर्चीतच होते, बोटांनी मांडीवर ठेका धरून. दुसऱ्याला उठले. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. नव्या गुडघ्यावर फिरकी घेतली नाही त्यांनी, शहाण्यासारखं. फक्त पावलं, डावं-उजवं, डावं-उजवं, इतकी हलकी की फ्लोअरला लागतायत की नाही कळेना. तिसऱ्याला टाळीची जागा आली आणि त्यांची टाळी सगळ्या हॉलबरोबर पडली.

बाहेर उजाडलं होतं. गाडीत बसण्याआधी काकांनी बूट काढला आणि उलटा करून मला दाखवला. अंगठ्याखाली चामडं आरपार झिजलेलं होतं. पुढची रात्र सहा आठवड्यांनी आहे.

‘तळ नवा बसवून मिळेल ना तोवर?’ त्यांनी विचारलं.