कॉकटीलचं पिल्लू हातानं वाढवलं: ग्रॅमचा काटा काही महिने वापरल्यानंतर

कॉकटीलच्या, म्हणजे डोक्यावर तुरा असलेल्या लहान पोपटाच्या, पिल्लाला हातानं भरवायचं ठरलं की सामानाची यादी होते ती फॉर्म्युला (पाण्यात कालवून भरवायचं तयार खाद्य), सिरिंज आणि ऊब देणारा ब्रूडर यांची. वजनकाटा त्या यादीत शेवटी येतो, पुष्कळदा येतच नाही. आमचं पिल्लू आता स्वतःचं स्वतः खातं, त्यालाही काही महिने झाले. या सगळ्या सामानातलं कशावाचून अडलं असतं, असं मला कुणी विचारलं तर मी त्या काट्याकडे बोट दाखवेन.

घरच्या कॉकटील जोडीच्या घरट्यातलं हे सगळ्यात धाकटं पिल्लू. कॉकटीलची मादी साधारण एक दिवसाआड अंडं घालते, त्यामुळे पिल्लंही पुढे-मागे बाहेर येतात आणि शेवटचं थोरल्यांच्या गर्दीत मागे पडतं. आईबाप मोठ्या चोचींना भरवत राहतात. या पिल्लाची क्रॉप, म्हणजे गळ्याखालची अन्नाची पिशवी, वारंवार रिकामी दिसायला लागली म्हणून ते हातात घ्यावं लागलं. केवळ माणसाळावं म्हणून कुणी पिल्लू आईबापांपासून काढणार असेल, तर त्याची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९९९ साली ऑरेंज-विंग्ड अमेझॉन पोपटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात घरट्यातच वाढणाऱ्या पिल्लांना नियमितपणे थोडा वेळ हाताळलं गेलं, आणि तेवढ्यानंही ती माणसाळली. भरवायचं काम आईबापांकडेच राहिलं होतं.

आता काट्याबद्दल. माझ्याकडचा काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. जेमतेम ४-५ ग्रॅमच्या, नुकत्याच अंड्यातून निघालेल्या कॉकटीलला ही बारकाई लागतेच. पिसं फुटलेल्या पिल्लाला १ ग्रॅमचाही काटा चालतो. काट्यावर खोलगट वाटी, वाटीत मऊ फडकं, मग टेअर दाबून शून्य करायचं आणि पिल्लू आत ठेवायचं. फडकं हवंच, कारण गुळगुळीत तळावर कोवळे पाय फाकतात. स्वयंपाकघरातला काटा वापरून बघितला, पण तो पाच किलोपर्यंतचा होता आणि हळूहळू वाढणारं बारीक वजन त्याला कळत नव्हतं. बऱ्याच काट्यांत शून्य आपोआप सावरण्याची सोय असते, ती अशा वेळी थोडं थोडं वजन गिळून टाकते. काटा खरं बोलतो का हे बघायला सिरिंज पुरते: १० मिलि पाणी मोजून घातलं की १० ग्रॅम दिसायला हवेत. सेल उतरायला लागले की आकडा भरकटतो, म्हणून ही तपासणी मी नेमानं करते.

एक तक्रार मात्र आहे. पिल्लू वळवळत असताना आकडा स्थिर होत नाही, आणि तो स्थिर होईपर्यंत काटा स्वतःच बंद होतो. होल्डचं, म्हणजे आकडा धरून ठेवणारं, बटण असलेला काटा मिळाला तर तोच घ्यावा.

वजन रोज सकाळी, पहिल्या भरवण्याआधी, शी करून झाल्यावर आणि क्रॉप रिकामी असताना. वेळ बदलली की आकड्याला अर्थ उरत नाही. कारण भरलेल्या क्रॉपचंच वजन शरीराच्या दहाव्या हिश्शाइतकं असू शकतं. एका वेळी किती द्यायचं तेही याच वजनावरून काढायचं: साधारण दहा टक्के. ८० ग्रॅमच्या पिल्लाला ८ मिलिच्या आसपास. क्रॉप गोल भरलेली पण मऊ लागायला हवी. ताणून चकचकीत होईतो भरली तर अन्न उलट येऊन श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. चोवीस तासांत एकदा तरी क्रॉप पूर्ण रिकामी झाली पाहिजे. जुनं अन्न तळाशी राहून त्यावर नवं पडत गेलं की ते आंबतं, यीस्ट वाढतं, आणि मग गाठ थेट पक्ष्यांच्या डॉक्टरांशी. वाढीच्या काळात एखाद्या सकाळी वजन वाढलेलं नसलं की मी आधी तीन गोष्टी बघायचे: ब्रूडरची ऊब, फॉर्म्युल्याचं तापमान आणि क्रॉप.

तापमानाबाबत हयगय अजिबात नको. भरवताना फॉर्म्युला ३९ ते ४१ अंश सेल्सिअस असावा. थंड असला तर पिल्लू तोंड फिरवतं आणि पचनही मंदावतं. ४३ अंशांच्या वर गेला तर क्रॉप आतून भाजते, आणि ती जखम बाहेर दिसायला काही दिवस जातात. मायक्रोवेव्हमध्ये गरम केला की मधेच कढत पुंजके राहतात, म्हणून कोमट पाण्यात कालवून वाटी गरम पाण्यात धरलेली बरी. थर्मामीटर वाटीत असतानाच सिरिंज भरायची. बोटाला कोमट लागलं म्हणजे झालं, हा हिशोब इथे चालत नाही.

फॉर्म्युला मी न्यूट्रीबर्ड ए२१ वापरला. गुठळ्या न होता कालवला जातो, पिल्लानं तो लगेच घेतला. याच मालिकेतला ए१९ हा मकाव, आफ्रिकन ग्रे अशा मोठ्या पोपटांच्या, जास्त ऊर्जा लागणाऱ्या पिल्लांसाठी असतो. कालवलेलं उरलं तर फेकायचं, पुढच्या वेळेला ठेवायचं नाही. सिरिंजचा रबरी दट्ट्या सारखं धुऊन कोरडा पडतो, अडकतो आणि मग एकदम सुटतो. असा सुटलेला दट्ट्या म्हणजे घशात जाणारा लोंढा. त्यामुळे दट्ट्या अडायला लागला की ती सिरिंज बाद. कडा आत वळवलेला चमचा वेळखाऊ आहे, सांडतंही खूप, पण गिळण्याचा वेग पिल्लाच्या हातात राहतो, आणि नवख्या माणसाला तोच सुचवावा असं मला वाटतं. सिरिंज पक्ष्याच्या डाव्या बाजूनं चोचीत घेऊन टोक उजवीकडे वळवायचं, कारण अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगानं उतरते. पिल्लू मान वरखाली हलवत जोर करत असेल तेव्हाच द्यायचं. मान थांबली की हात थांबला. शेवटी चोच आणि हनुवटी ओल्या कापसानं पुसायची, वाळलेला फॉर्म्युला कातडीला इजा करतो आणि चोचीची वाढही बिघडवू शकतो.

खरी कसोटी पुढे, हातचं सुटण्याच्या, म्हणजे भरवणं सुटून पिल्लू स्वतः खायला लागण्याच्या वेळी. कॉकटीलचं हातचं सुटायला साधारण सात ते दहा आठवडे लागतात. बजरीगर हा आणखी छोटा पोपट, त्याचं याहून लवकर सुटतं, आफ्रिकन ग्रेला तीन-चार महिने जातात. पण हे आकडे म्हणजे नुसता अंदाज. अमुक आठवडा उलटला म्हणून भरवणं बंद करणारे लोक पाहिले की माझा जीव कासावीस होतो. भुकेनं हट्ट सुटत नाही, पिल्लू खंगतं.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात पंख भरले की पिल्लू उडायच्या धडपडीत असतं आणि स्वतःहून खाणं कमी करतं. वजनही उतरतं. आमच्या पिल्लानं ९५ ग्रॅमच्या आसपास कमाल गाठली आणि उडायला लागल्यावर ते ८६-८७ वर आलं. कमाल वजनाच्या सुमारे दहा टक्के उतार या टप्प्यावर अपेक्षित असतो, हलक्या अंगाशिवाय उडणं जमत नाही. काटा नसता तर या उताराला घाबरून मी जबरदस्तीनं भरवलं असतं. आणि हाच उतार त्याहून खाली घसरत गेला असता तर तेही फक्त काट्यावरच दिसलं असतं, कारण पिसांखाली छातीचं हाड उघडं पडलेलं नजरेला कळत नाही.

याच सुमारास पसरट थाळीत खाणं ठेवायला सुरुवात केली: भिजवलेले पेलेट (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या), मोड आलेले दाणे, उकडलेला मका, बारीक चिरलेल्या हिरव्या भाज्या, आणि मिलेटची अख्खी कणसं. पाण्याची उथळ वाटीही सोबत. पहिले काही दिवस पिल्लू सगळ्याला चोच लावतं, दाणा फोडतं, टाकतं, पुन्हा उचलतं. थाळीभोवती टरफलांचा सडा पडतो आणि बघणाऱ्याला वाटतं की पठ्ठ्या जेवायला लागला. प्रत्यक्षात पोटात काहीच गेलेलं नसतं. हा खेळच पुढे खाण्यात बदलतो, म्हणून तो भरपूर खेळू द्यावा, पण त्याच्या भरवशावर सिरिंज बंद करू नये. खरंच खातंय का, हे दोन गोष्टींवरून कळलं. एक, शी. फॉर्म्युल्यावर असताना ती मोठी आणि मऊ असते, दाणापाणी पोटात जायला लागलं की लहान, घट्ट होते आणि खाल्लेल्या भाजीचा रंग घेते. दुसरी, सकाळचा आकडा.

मी आधी दुपारचं भरवणं सोडलं. वजन टिकलं, मग सकाळचं. रात्रीचं सगळ्यात शेवटी, कारण भरल्या क्रॉपनं झोपलेलं पिल्लू रात्र निभावून नेतं. प्रत्येक कपातीनंतर आकडा घसरला तर ते भरवणं परत सुरू करायचे. कॉकटीलची पिल्लं या काळात किरकिर करतात, कर्कश आणि न थांबणारी, आणि ती ऐकताना मन डळमळतं. आकडा स्थिर असेल आणि क्रॉपमध्ये दाणे हाताला लागत असतील, तर ती सोबतीची हाक असू शकते. जवळ घेतलं तरी पुरतं. मात्र पिल्लानं सिरिंजला मान लावून जोर केला आणि वजनही उतरलेलं असलं, तर द्यायचंच, वय कितीही असो.

हातचं सुटल्यावरही पिंजऱ्याची जागा बदलली किंवा काही दचकवणारं घडलं की पिल्लू काही दिवस पुन्हा मागायला लागतं. आमचंही मागायला लागलं. रात्री थोडा फॉर्म्युला दिला, चमच्यानं, आणि ते आपोआप थांबलं.

आता वाटीच्या जागी काट्यावर एक बुटकी लाकडी दांडी बसवली आहे, पक्षी उडत येऊन तिच्यावर बसतो. आठवड्यातून एकदा वजन घेते. आजारी पक्षी दुखणं लपवतो, पण वजन लपवू शकत नाही. ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी तवा रुंद असलेला, टेअर आणि होल्ड दोन्ही असलेला, एक किलोच्या आतल्या क्षमतेचा काटा बघावा, आणि सेलचा एक जोड त्याच्याबरोबरच आणून ठेवावा.