जेलीफिन घरच्या विंडोज पीसीवर: साधं इन्स्टॉल की सर्व्हिस?

घरात एखादा डेस्कटॉप पडून असेल आणि हार्डडिस्कवर सिनेमे, व्हीसीडीवरून उतरवलेली नाटकं, लग्नामुंजीचे व्हिडिओ साठले असतील तर जेलीफिन हे मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअर टाकून बघाच. पीसी सर्व्हर होतो आणि टीव्ही, मोबाइल, टॅब कुठूनही तेच कलेक्शन दिसतं. पूर्ण फुकट, ओपन सोर्स, जाहिरात नाही, कुठल्या कंपनीच्या साइटवर अकाउंट काढायची गरज नाही. एम्बी नावाच्या अशाच सॉफ्टवेअरने २०१८ च्या शेवटी आपला कोड बंद केला तेव्हा त्यातून फुटून हे निघालं, आणि आजही व्हॉलंटिअरच चालवतात. प्लेक्स या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरने एप्रिल २०२५ पासून स्वतःच्याच फाइल्स घराबाहेरून बघायला पैसे लावलेत, त्यामुळे मला तर याची किंमत अजूनच कळते.

आता मुख्य मुद्दा. विंडोजवर इन्स्टॉल करताना विचारतं, बेसिक की सर्व्हिस. बेसिक म्हणजे घड्याळाशेजारी आयकॉन येतो, कोणीतरी लॉगिन केलं की सर्व्हर चालू. सर्व्हिस म्हणजे विंडोज उठलं की लॉगिनची वाट न बघता मागच्या मागे सुरू होतं. रोज कामाचाच पीसी असेल तर बेसिक घ्या, जेलीफिनवालेही बहुतेकांना तेच सुचवतात, डोक्याला ताप कमी.

पण आमच्याकडे पीसी आतल्या खोलीत, टीव्ही हॉलमध्ये, दुपारी घरी फक्त आईबाबा, आणि गुरुवारी लाईट जाते ती जातेच. लाईट आल्यावर कोणी जाऊन पासवर्ड टाकायचा? म्हणून आम्ही सर्व्हिस ठेवलीय. बायोसमध्ये (पीसी चालू होताना विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) लाईट आल्यावर पीसी आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं ते ऑन केलं, विंडोजचं स्लीप बंद केलं, आणि आता आई रिमोट घेऊन थेट नाटक लावते, पीसीकडे कोणी बघतही नाही. याच्यासाठी मी या सॉफ्टवेअरला मनापासून मार्क देतो.

सर्व्हिसचे नखरे मात्र आधीच माहीत असलेले बरे. ती तुमच्या युजरखाली चालत नाही, नेटवर्क सर्व्हिस नावाच्या वेगळ्या खात्याखाली चालते, त्यामुळे दुसऱ्या मशीनवरच्या फोल्डरला अक्षर देऊन (मॅप करून) तुम्हाला दिसणारा झेड ड्राइव्ह तिला दिसत नाही, दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर असेल तर मॅप केलेलं अक्षर न देता पूर्ण नेटवर्क पाथ (\\मशीनचं नाव\फोल्डर असा) द्यायचा, आणि फाइल्स तुमच्या युजर फोल्डरमध्ये असतील तर त्या खात्याला सिक्युरिटी टॅबमधून वाचायची परवानगी द्यायची. लायब्ररी रिकामी दिसली तर आधी हेच तपासा. शिवाय ग्राफिक्स कार्डचं अ‍ॅक्सलरेशन, म्हणजे व्हिडिओचा फॉरमॅट बदलायचं काम ग्राफिक्स कार्डने करणं, सर्व्हिसमधून कधी कधी चालत नाही. टीव्हीला फाइलचा फॉरमॅट झेपत असेल तर डायरेक्ट प्ले होतं, तेव्हा पीसीवर लोडच नसतो. पण जुन्या टीव्हीवर एचईव्हीसी (नव्या व्हिडिओ फॉरमॅटची) फाइल लावली की सर्व्हरला ती तिथल्या तिथे बदलून द्यावी लागते आणि जुना प्रोसेसर धापा टाकतो. डॅशबोर्डवर कोणाचं काय चाललंय ते दिसतं, तिथे नजर ठेवा.

सेटअप सोपा आहे, ब्राउझरमध्ये पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पुढे ८०९६ पोर्ट टाकलं की झालं. फायरवॉलने विचारलं तर प्रायव्हेट नेटवर्कला हो म्हणा. राउटरमध्ये पीसीचा आयपी फिक्स करा नाहीतर बदलला की टीव्ही सर्व्हर शोधत बसतो. फोल्डरला सिनेमाचं नाव आणि कंसात साल दिलं की पोस्टर आपोआप येतं. नाटकांचं पोस्टर, कलाकार, माहिती मात्र बऱ्याचदा हाताने भरावी लागते, वेळ जातो पण नंतर ती लायब्ररी बघायला फार छान वाटतं.

एक कळकळीने सांगतो, बाहेरून बघता यावं म्हणून राउटरवर हे पोर्ट उघडं टाकू नका. टेलस्केल हे दोन मशीन खाजगी नेटवर्कने जोडणारं अ‍ॅप दोन्हीकडे टाका, फुकटच्या प्लॅनमध्ये घरच्यांचं भागतं. भाऊ बंगळुरूहून असंच बघतो, फक्त त्याला क्वालिटी थोडी कमी ठेवायला लागते कारण आमच्या नेटचा अपलोड स्पीडच तेवढा आहे.